गाडीला अहो म्हणणारा मेस्त्री

त्या दिवशी कात्रजला मेस्त्रीच्या पत्र्याखाली कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हणजे मधीच कुणी विचारायला नको. मी व्हते. माझी सून शीतल व्हती. तिचा धाकटा भाऊ विलास व्हता, बार्शीवरनं आलेला, पायात नवे बूट. मेस्त्री व्हता. मेस्त्रीची बायको रस्त्यापलीकडं आपल्या दारात उभी व्हती, तिला धरायचं का न्हाई ते तुमी ठरवा. आन आमची डिझेलची जुनी पिकअप व्हती. मेस्त्री गाडीला माणसात धरायचा, म्हणून मीबी धरते.

माझा लेक नवनाथ नव्हता. त्याला जाऊन दोन पावसाळे झाले व्हते. कावीळ झाली, उशिरा कळलं. नात ओवी शाळेत व्हती.

विलास बहिणीला आन भाचीला न्यायला आलता. त्याचं म्हणणं सरळ व्हतं. गाडी गळती, रस्त्यात बंद पडती, ताईनं एकटीनं बॉनेट उघडून किती दिवस उभं राहायचं. आज मेस्त्रीनं हात टेकले तर गाडी भंगारात घालायची आन संध्याकाळच्या एसटीनं बार्शी गाठायची. ओवीचं नाव तिकडच्या शाळेत घालायचं. शीतल त्याला “बघू” म्हणली व्हती. मी काय म्हणले न्हाई. मला कुणी विचारलं नव्हतं, आन बोलून माणूस थांबतो असं मी तरी कधी बघितलं न्हाई. त्या दोघी गेल्या असत्या तर घरात मी आन चूल.

आता मेस्त्रीचं सांगते.

उंच, वाळका, शर्टाचा वरचा खिसा कायम फुगलेला. तो गाड्यांना अहो-जाहो करायचा आन माणसांना अरे-तुरे. कुणीबी असू दे. एकदा एक साहेब मोठी पांढरी गाडी घेऊन आला, कपड्याला कडक इस्त्री. मेस्त्रीनं बॉनेटवर हात ठेवला आन म्हणला, “या. दमलात का? तोंड उघडा बघू.”

साहेब म्हणला, “अहो, मला म्हणताय का?”

“तुला कोण म्हणतंय? तू बाजूला हो, त्यांना वारा लागू दे.”

साहेब बाजूला झाला. तिथं सगळेच बाजूला व्हायचे.

मी एकदा विचारलं, “मेस्त्री, माणसाला तू आन गाडीला अहो, हे कुठलं शिक्षण?” तर म्हणला, “म्हातारे, गाडी मला उलट बोलत न्हाई. मंग मान कुणाला देऊ?” माझं वय त्याच्या आईएवढं. पण म्हातारे म्हणला म्हणून मला राग आला न्हाई. म्हातारी तर मी हायच.

गाडीला काय झालंय ते त्याला सांगायचं न्हाई, असा नियम व्हता. आवाज काढून दाखवायचा. मंग गिऱ्हाईक कोणबी असो, रस्त्यावर उभं राहून घुर्रर्र करायचं. आंबेगावचे एक बँकेतनं रिटायर झालेले आजोबा यायचे, डोक्याला माकडटोपी. त्यांनी लाजत लाजत “खर्र खट, खर्र खट” केलं. मेस्त्री म्हणला, “खोटं बोलतोयस. ह्या असं बोलत न्हाईत. परत काढ.” आजोबांनी परत काढला. शेजारचा पंक्चरवाला काम सोडून बघाय लागला. शेवटी मेस्त्रीनं त्यांना घरी पाठवलं, सराव करून ये म्हणला. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आली आन तिनं एका दमात आवाज काढला, “किर्र... टक. किर्र... टक.” मेस्त्रीनं लगेच पाना उचलला. म्हणला, “चालवणारा पुढं बघतो. शेजारी बसलेलीला समदं ऐकू येतं.” आजोबा त्या दिवसापासनं बायकोला घेऊनच यायचे.

त्याचं सगळं बरोबर असायचं असं न्हाई. एका जीपमधी खडखड ऐकू आली म्हणून त्यानं अख्खं इंजिन खोलून पोत्यावर मांडलं. खडखड काय सापडंना. मंग सीट काढली तर खाली दिवाळीचा चकलीचा डबा. मेस्त्रीनं डबा उघडला, एक चकली खाल्ली, मऊ पडलीय म्हणला, आन इंजिन परत भराय बसला. मालक म्हणला, “मेस्त्री, मंग एवढं खोललं कशाला?” तर म्हणला, “ओळख झाली.”

त्याचं घर रस्त्यापलीकडं, चांगलं पक्कं. पण झोपायचा इकडं, चाकं नसलेल्या एका मेलेल्या टेम्पोखाली, पोतं टाकून. जन्म गाडीखाली गेलेला, त्याला डोळ्यांपुढं वीतभरावर काहीतरी लागायचं. घरातलं छप्पर लई लांब वाटतं म्हणायचा, झोप लागत न्हाई. बायकोशी भांडण नव्हतं. ती डबा घेऊन रस्ता ओलांडायची. मी तिला म्हणले, “वहिनी, तुमचं कधी भांडण व्हत न्हाई ते बरं हाय.” ती म्हणली, “भांडायचं तर व्हतं हो. पण एवढा रस्ता ओलांडेपर्यंत राग उतरतो. गाड्या किती असतात.”

आता तो पत्रा न्हाई. रस्ता रुंद झाला, पत्रा गेला, घरबी अर्धं गेलं. मुलानं दोघांना वरच्या मजल्यावर फ्लॅटमधी नेलं. तिथं मेस्त्री पलंगाखाली झोपतो. मी भेटाय गेले तवा वहिनी म्हणली, “आता भांडायला वाकावं लागतं.” पलंगाखालनं आवाज आला, “म्हातारी आली का? तिला च्या दे.” मी च्या घेतला. तो काय बाहेर आला न्हाई. मीबी आग्रह केला न्हाई.

पण मी त्या दिवसाचं सांगत व्हते.

आमची गाडी माती वाहती. हसू नका. कात्रजच्या पुढं नर्सऱ्या हायत, तिथनं लाल माती, शेणखत, कुंड्या भरायच्या आन हिंजवडीला सोसायट्यांत नेऊन टाकायच्या. तिथं आधी शेतंच व्हती. त्यावर फरशी घातली, आन आता लोक वर गॅलरीत माती चढवतात, तुळस लावायला, मिरची लावायला. त्यावर आमचं घर चालतं, म्हणून मी नावं ठेवत न्हाई. नवनाथ असताना तो चालवायचा. तो गेल्यावर महिनाभर गाडी दारात उभी व्हती. एक दिवस शीतलनं किल्ली घेतली. चालवाय तिला नवनाथनंच शिकवलं व्हतं, गंमत म्हणून. मी शेजारी बसाय लागले. पोती मोजायला कुणीतरी लागतं, आन घरात बसून तरी काय करायचं.

मंग गाडी गळाय लागली. सकाळी उठून बघावं तर खाली काळा डाग, घरभर वास. गळती ती निराळी, आन जिथनं डिझेल बाहेर येतं तिथनंच हवा आत जाती. इंजिनला डिझेलबरोबर हवा गेली की ते खोकतं आन बसतं. कधी कात्रजच्या बोगद्यात बसायचं, कधी चांदणी चौकाच्या चढाला. शीतल उतरायची, बॉनेट उघडायची, आतला हातपंप दाबून दाबून हवा काढायची. मी मागं दगड लावायची. लोक व्हिडिओ काढायचे. कुणी ढकलायला आलं न्हाई असं म्हणणार न्हाई, आले तेबी लोकच.

शीतल गळती बंद करायला साबण लावायची. कपड्याचा साबण ओला करून भेगेवर चोळला की डिझेल थोडे दिवस दम धरतं, हे ड्रायव्हर लोकांचं जुनं औषध. टाकीच्या नटाला लावला, फिल्टरच्या तोंडाला लावला. साबण संपत आला, गळती काय संपली न्हाई. कारण डिझेल सुटतं एकीकडं, पाइपावरनं ओघळत जातं आन टपकतं तिसरीकडंच.

त्याला मेस्त्रीचा उपाय व्हता पीठ. गळकी गाडी आणायची तर आधी खालनं स्वच्छ धुऊन, वाळवून आणायची, आन घरनं ज्वारीचं पीठ आणायचं, चाळलेलं. गहू चालत नव्हता. सगळ्या पाइपावर तो चहाच्या गाळणीनं पीठ भुरभुरायचा आन मंग बघत बसायचा. जिथं ओलं व्हईल तिथं पीठ काळं पडणार. गावात लोक म्हणायचे, मेस्त्रीच्या घरी ज्वारी विकत आणत न्हाईत. वहिनी म्हणायची, “त्याच्या पिठाची भाकरी खाऊन दाखवा, मंग बोला.”

तर आमी धुतलेली गाडी आन पिठाचा डबा घेऊन उभे राहिलो. मेस्त्रीनं गाडीच्या दारावर हात फिरवला. “या बाई. लई अंगावर काढलंत.” मंग आमच्याकडं वळला. “गाडी कुणाची?”

शीतल म्हणली, “आत्यांची.” सासूला आत्या म्हणतात आमच्याकडं.

मी म्हणले, “हिची.”

“आत्या, तुमचं डोरलं मोडून गाडी घेतली.”

“चालवती कोण?” मी म्हणले.

विलास म्हणला, “अहो मेस्त्री, कुणाची का असंना, आता विकायचीच हाय.”

“तू गप. तू गाडीला पाव्हणा.” मेस्त्रीनं पाना खाली ठेवला. “ज्याची गाडी त्यानं माझ्याबरोबर खाली शिरायचं, असा नियम हाय. रोग मालकानं डोळ्यांनी बघावा. मी एकट्यानं बघितलं की लोक म्हणतात मेस्त्रीनं काम वाढवलं. मालक ठरला की हाक मारा.” आन तो जाऊन च्या पीत बसला.

मला सांगायचं व्हतं की गाडी तुझी, घेऊन कुठंबी जा. पण गाडी तर भंगारात जाणार व्हती, मंग देऊन उपयोग काय. आन माझी म्हणले असते तर तिला जायला आणखीन सोपं. तिच्या मनात काय व्हतं ते तिलाच ठाऊक. विलास सारखा घड्याळ बघत व्हता.

च्या संपला तवा मेस्त्री आला. “ठरलं?”

“न्हाई.”

“मंग दोघीबी शिरा.”

मी खडी फोडली हाय, स्लॅबची घमेली वाहिली हायत, विहिरीच्या गाळात उभी राहिले हाय. गाडीखाली कधी शिरले नव्हते. लुगडं खोचलं, गुडघे म्हणाले न्हाई, तरी शिरले. पोत्यावर आमी तिघं उताणं, एका कडंला मेस्त्री, मधी शीतल, इकडं मी. बाहेर विलासचे नवे बूट तेवढे दिसत व्हते.

गाडीचं तोंड उताराला केलेलं, टाकी गच्च भरलेली, डिझेलला पळायला जोर यावा म्हणून. मेस्त्रीनं झोपल्या झोपल्या गाळणी हलवली. सगळा पाइप पांढरा झाला. आमीबी पांढरे झालो.

“आता बोलायचं न्हाई,” मेस्त्री म्हणला. “त्यांना अवघडल्यासारखं व्हतं.”

मंग आमी बघत पडलो. गाडीखालनं ऐकू येतं ते निराळंच असतं. रस्त्यावरची एसटी छातीत वाजती. शीतलचा श्वास ऐकू येत व्हता. तिच्या इतक्या जवळ मी कधी पडले नव्हते. नवनाथ गेला त्या रातीलाबी ती भिंतीकडं व्हती आन मी दाराकडं.

बूट म्हणाले, “काय झालं का?”

मेस्त्री म्हणला, “बुटांनी बोलू नये.”

साबण लावलेल्या जागा कोरड्याच राहिल्या. पीठ काळं पडलं ते मधी, जिथं पाइप लोखंडी पट्टीला बांधलेला व्हता. आधी तांदळाएवढं. मंग पसरत गेलं. तिथं गाठ व्हती. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून, वेढे मारून, टोकं आत खोचलेली.

मेस्त्री म्हणला, “ही गाठ कुणाची?”

शीतल म्हणली, “ह्यांची.”

नवनाथ अशीच गाठ मारायचा. पोत्याला, गोठ्याच्या दाराला, ओवीच्या पाळण्याला. टोकं कधी लोंबती ठेवायचा न्हाई. गाडी नवी घेतली तवा तिथली क्लिप तुटली आन त्यानं ट्यूब बांधली. ट्यूबखाली पाणी साचून साचून पाइप आतनं सडला व्हता. शीतलनं गाडीखाली सगळीकडं साबण लावला, त्या गाठीला तेवढा लावला नव्हता. गाडी धुताना तिथनं फडकं फिरायचं न्हाई, ते मी बघत आले व्हते. मला वाटतं गळती कुठं हाय ते तिला आधीपासनं ठाऊक व्हतं. मी विचारलं न्हाई, अजूनबी विचारलेलं न्हाई.

मेस्त्रीनं खिशातनं सुरी काढली. “कापावी लागंल.”

बाहेरनं विलास म्हणला, “कापा की मेस्त्री, विचारताय काय?”

“मालकिणीनं सांगितल्याबिगर मी लावत न्हाई.” आन सुरी हातात धरून तो वर बघत पडला. त्याला घाई नव्हती. त्याला तसंच आवडायचं, वीतभरावर काहीतरी.

लेक माझा. गाठ माझ्या लेकाच्या हातची. काप म्हणायला माझी जीभ उचलली व्हती. पण मी म्हणले असते तर गाडी माझी झाली असती, आन शीतल मोकळी. मी पिठाकडं बघत राहिले. थोडं डोळ्यात गेलं.

शीतल म्हणली, “सुरी इकडं द्या.”

तिनं स्वतः कापली. हळू कापली, एक एक वेढा. पट्टी सुटली तसा गंजाचा पापुद्रा निघाला, भोक मटकीएवढं झालं आन डिझेल तिच्या तोंडावरच आलं. मेस्त्री म्हणला, “बोट लाव.” तिनं बोट लावलं. धार थांबली. कोपरावरनं डिझेल माझ्या पदरावर आलं.

“आता हलू नकोस. मी पाइप आणतो,” म्हणून मेस्त्री सरपटत बाहेर गेला.

पाइप आणायला तो कुठल्या दुकानात गेला न्हाई. ज्या टेम्पोखाली झोपायचा त्याचाच पाइप खोलाय बसला. आमाला आवाज येत व्हता, “जरा तसदी देतो हं. तुमाला आता कुठं जायचंय?” त्याचे नट गंजलेले. एकेक नट म्हणजे वनवास. त्यात मधी उठून त्यानं आणखीन एकदा च्या घेतला, तेबी आमाला ऐकू आलं.

एक गोष्ट सांगते. मेस्त्रीच्या वरच्या खिशात कायम लाकडी खुंट्या असायच्या, असलं भोक तेवढ्यापुरतं बंद करायलाच. एक ठोकली असती तर शीतलला तिथं पडायची गरज नव्हती. त्या दिवशीबी खिसा फुगलेला व्हता. मला दिसत व्हता. मी काय बोलले न्हाई.

ऊन पत्र्यावरनं पलीकडं गेलं. विलास वाकला. त्याचं तोंड पयल्यांदा दिसलं, लाल झालेलं. “ताई, चल आता. स्वारगेटला जायलाच तास लागतो. अजून ओवीला घ्यायचंय, कपडे घ्यायचेत.”

शीतल म्हणली, “कशी येऊ?”

“अगं, बोट काढ आन ये.”

“डिझेल सांडंल.”

“सांडू दे! गाडी भंगारात चाललीय.”

“कुणी सांगितलं?”

“सकाळी आपलं ठरलं ना?”

“मी बघू म्हणले व्हते.” तिनं मान वळवली न्हाई, वर पाइपाकडं बघतच बोलत व्हती. “बघितलं. तुला उशीर व्हतोय, तू नीघ. आईला सांग, दिवाळीला येतो तिघी. आन जाताना त्या वहिनींकडनं एक तांब्या पाणी घेऊन दे, आत्यांच्या डोळ्यात पीठ गेलंय.”

पोरगा वाईट न्हाई. पाण्याचा तांब्या त्यानंच आणून दिला, नव्या बुटांवर गुडघे टेकून. मंग गेला.

आमी तशाच पडून राहिलो. शीतलचा हात भरून आला तवा मी माझा हात तिच्या कोपराखाली धरला. दोघी काय बोललो न्हाई. बोलायचं न्हाई असं मेस्त्रीनं सांगितलंच व्हतं.

नंतर पाइप बसला, हवा काढली, शीतलनं किल्ली मारली. गाडी खोकली, परत खोकली, मंग लागली. मेस्त्री बॉनेटला कान लावून उभा राहिला. शीतल म्हणली, “काका, बरोबर झालं का?” तो म्हणला, “मला काय विचारतीस? त्यांना विचार.” ओवीला आणायला आमी तशाच शाळेवर गेलो, केसात पीठ घेऊन. बाकीच्या आया बघत व्हत्या.

गाडी अजून चालती. माती अजून हिंजवडीला जाती. तुमच्या सोसायटीच्या गेटावर वॉचमन लिहून घेताना विचारतो, गाडी कुणाची. मी शेजारी बसलेली असते, केस पांढरे, म्हणून सगळे मलाच विचारतात. हे जो कोण वाचंल त्याला माझी एवढीच विनंती हाय. मला विचारू नका. शीतलला विचारा.